वही कुणाच्या हातात?

डीफाय हा शब्द आता आमच्या कळमनुरीपर्यंत येऊन पोचलाय. हळदीचे पैसे हातात आलेल्या माझ्या एका भाच्याने परवा विचारलं, "मामा, तिथे बँक नाही, सावकार नाही, मॅनेजर नाही. सगळे व्यवहार सगळ्या जगाला दिसतात. मग फसवणार कोण?"

प्रश्न चांगला आहे. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, जुनी कागदपत्रं आणि इतिहास वाचत बसणारा माणूस. त्यामुळे उत्तर शोधायला मी गेलो ते थेट दीडशे वर्षं मागे.

पण आधी, हे वाचणाऱ्या आमच्या काका-आत्यांसाठी थोडक्यात. कंपाउंड (२०१८), आवे, मेकर अशी काही नावं आहेत. या कंपन्या नव्हेत, हे प्रोग्रॅम आहेत. तुम्ही तुमची क्रिप्टो त्यात ठेवायची, व्याज मिळतं. दुसरा कुणी त्यातून कर्ज घेतो, पण आधी कर्जापेक्षा जास्त किमतीचं तारण ठेवून. समजा दीडशे रुपयांचं तारण, तर शंभर रुपये कर्ज. तारणाची किंमत ठरलेल्या रेषेखाली घसरली की प्रोग्रॅम ते आपोआप विकायला काढतो. नोटीस नाही, मुदतवाढ नाही, कुणाच्या हातापाया पडणं नाही. आणि ही सगळी वही इथेरियमसारख्या सार्वजनिक खात्यावर लिहिलेली, कुणीही उघडून बघावी.

आता सुप्याला जाऊया. पुणे जिल्ह्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं सुपे. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. हेच ते दख्खनचे दंगे. मला यातली एक गोष्ट नेहमी विलक्षण वाटत आलीय. लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. गहाणखतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे फारशी मारहाण झाली नाही, कागद जाळले आणि लोक घरी गेले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही हे नोंदवून ठेवलंय.

कारण काय, तर वही एकाच्याच हातात होती. ती मोडीत लिहिलेली, आणि खाली अंगठा उठवणाऱ्याला मोडी काय, बाळबोधही येत नव्हती. मुद्दल किती, व्याज किती, मागच्या सुगीला दिलेले पैसे जमा धरले की नाही, हे सगळं सावकार सांगेल तेच. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोला दिलासा देण्याचा. झालं उलटंच! मुदत संपायच्या आत सावकार नवीन रोखा लिहून घेऊ लागले आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल होऊन बसू लागलं. नियम चांगला, पण त्यातली फट आधी कोणाला सापडते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मग १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. खत गावच्या रजिस्ट्रारसमोरच झालं पाहिजे. पैसे दिले की लेखी पावती. ऋणकोने मागितलं तर दरवर्षी हिशोबाचा उतारा आणि पासबुक. कोर्टाने नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास खोदून बघायचा. थोडक्यात, वही उघडा!

आपल्या भागाला यातलं काही मिळालं नाही. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य. इथे तर दुहेरी गंमत. पुढेपुढे सरकारी कागद उर्दूत आणि सावकाराची चोपडी मोडीत. नाणीसुद्धा दोन, हैदराबादचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, त्यांचा बट्टा वेगळा. सावकारीवर परवाना आणि हिशोबाची सक्ती आणणारा हैदराबादचा कायदा आला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० मध्ये. साठ वर्षांनी! नंतर १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९९९ मध्ये परभणीतून निघून हिंगोली जिल्ह्यात आलो, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे.

तेव्हा भाच्याला मी पहिल्यांदा हे सांगितलं की उघडी वही ही क्षुल्लक गोष्ट नाही. लोकांनी त्यासाठी तुरुंगवास भोगलाय. आणि बंद वहीचे प्रताप फक्त सावकारीतलेच नाहीत. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक कोसळली, तेव्हा एका बांधकाम समूहाला दिलेली कर्जं लपवायला २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचं बाहेर आलं. ऑडिट होत होतं, रिझर्व्ह बँक होती, तरी. कर्जाचा आकडा न् आकडा सगळ्यांसमोर असता तर एवढं पांघरूण घालणं अवघड गेलं असतं, हे मान्य करायलाच हवं.

पण (हा "पण" मोठा आहे) उघड्या वहीत आकडे दिसतात, माणूस दिसत नाही. तिथे नावाच्या जागी अक्षरांची आणि आकड्यांची माळ असते. एकाच माणसाची एकवीस हजार खाती असली तरी तुम्हाला एकवीस हजार माणसं दिसतील. सावकाराच्या ओसरीवर नेमकं उलटं होतं. माणूस पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा, आकडा मात्र अंधारात.

शिवाय उघडी म्हणजे वाचता येणारी नव्हे. इथेरियमवरचे हे नियम बहुतेक सॉलिडिटी नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. आमच्यासाठी ती नवी मोडीच. ती वाचणारे जाणकार ऑडिट करतात, अहवाल देतात, पण मार्च २०२३ मध्ये ऑयलर नावाच्या अशाच एका प्रोग्रॅममधून जवळपास २० कोटी डॉलर काढून नेले गेले. एकापेक्षा जास्त ऑडिट झाली होती. बरंचसं धन चोराने नंतर परत केलं, ते त्याच्या मर्जीने. म्हणून ऑडिट झालंय एवढ्यावर विसंबू नये. ज्या भागाचं ऑडिट झालं तोच आज चालू आहे का, नंतर काय जोडलं, हे विचारावं.

खरी मेख मला वाटते ती भावात आहे. आपल्याकडे सवाई-दिढी होती. पेरणीला एक पोतं नेलं तर सुगीला सव्वा किंवा दीड पोतं परत. हे निदान सरळ होतं. पण धान्याचे रुपये करून वहीत मांडले की खेळ सुरू. पेरणीला भाव चढा, सुगीला पडलेला, आणि कुठल्या दिवशी कुठला भाव धरायचा ते वहीवाला ठरवणार. डीफायमध्ये भाव सांगणाऱ्या यंत्रणेला ओरॅकल म्हणतात. प्रोग्रॅमला स्वतःला बाजार दिसत नाही, त्याला ओरॅकल सांगेल तो भाव खरा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मँगो मार्केट्समध्ये एकाने आपल्याच खरेदीने तारणाचा भाव कैक पटींनी फुगवला आणि त्या तारणावर ११ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उचलली. कुलूप तोडलं नाही, नियमाप्रमाणेच उचलली! अमेरिकेत ज्युरीने २०२४ मध्ये त्याला दोषी धरलं, २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला.

आणि भाव कुणी मुद्दाम न हलवताही हलतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ मध्ये आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, जमिनीची पत वाढली, सावकारांनी मोकळ्या हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, वसुलीचे तगादे आणि दावे सुरू झाले. कोर्टाच्या लिलावात कित्येकदा बोली लावणारा सावकारच, त्यामुळे जमीन कवडीमोलाने जायची.

१२ मार्च २०२० चा दिवस बघा. कोविडच्या धास्तीने इथरचा भाव एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. मेकरमधली तारणं आपोआप लिलावात निघाली. नेटवर्क तुंबलेलं, त्यामुळे बोली लावणारे पोचलेच नाहीत. जे मोजके पोचले त्यांनी शून्य बोली लावली, आणि प्रोग्रॅमने ती स्वीकारली. सुमारे ८३ लाख डॉलरची तारणं फुकट गेली. हे सगळं जगाला लख्ख दिसत होतं बरं का!

थांबवणार कोण होतं? हीच तर त्यांची प्रौढी, की कुणी एकटा हात घालू शकत नाही. कंपाउंडमध्ये २०२१ मध्ये नव्या बदलातल्या चुकीमुळे कोट्यवधी डॉलरची टोकन भलत्यांच्या खात्यात जाऊ लागली. दुरुस्ती तयार होती, पण मतदान आणि प्रतीक्षेचे सात दिवस पुरे होईपर्यंत ती लावता येईना.

माझं मत भाच्याला आवडलं नाही, तरी सांगतो. गमावले तरी घर हलणार नाही एवढेच पैसे तिथे न्यावेत, हळदीचे सगळे नाहीत. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेला तो नाही, हेही या निमित्ताने घरोघरी सांगा. डीफायच्या मागे तर असं काहीच नाही.

मेकरच्या त्या शून्य बोलीवाल्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. भरपाई द्यावी का, यावर सप्टेंबर २०२० मध्ये मतदान झालं. मत देणार कोण, तर मेकरचं टोकन ज्यांच्याकडे आहे ते, ज्याच्याकडे जास्त टोकन त्याचं मत जास्त, आणि भरपाई द्यायची झाली तर बोजाही याच टोकनवर पडणार. १८७९ च्या कायद्यात सावकार आणि कूळ यांच्यात तडजोड घडवायला सरकार गावातली तिऱ्हाईत माणसं नेमायचं. इथे तिऱ्हाईत कुणी नव्हता. भरपाई द्यायची नाही असं ठरलं, आणि तेही त्या उघड्या वहीत व्यवस्थित नोंदवलेलं आहे.