वाडग्यातला पंच

इंग्रजीत 'पंच' एकाहून अधिक आहेत. कागदाला भोक पाडणारा आणि बुक्की मारणारा, हे दोघे लॅटिनमधल्या टोचण्याच्या धातूतून आलेले सख्खे भाऊ. बाहुल्यांच्या खेळातला नाकाड्या मिस्टर पंच इटलीच्या पुल्चिनेल्लाचा वंशज. १८४१च्या लंडनी साप्ताहिकाने नाव घेतले ते त्याचेच. इथवर वाद नाही. वाद आहे तो दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला घालून वाडग्यात कालवतात त्या पंचाबद्दल.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३च्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर होता. गोव्यातल्या नेरूलच्या उत्तम दारूपासून इंग्रज 'पाँच' करतात आणि पाच जिनसांमुळे त्याला हिंदुस्थानी 'पाच'चे नाव पडले, असे तो लिहितो. लगेच वैद्यांच्या पाच औषधी आणि चार औषधी मिश्रणांचे दाखलेही देतो. वैद्यच तो!

विरोधकांना हे मान्य नाही. जहाजावरच्या 'पंचन' नावाच्या पिंपावरून हे नाव आले, असे ते म्हणतात. पण मग सुरुवातीचे उल्लेख हिंदुस्थानकडेच का बोट दाखवतात? पंचाचा उल्लेख असलेले १६३२चे पत्र कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पेटापोलीला गेलेले. १६३८ साली जर्मन प्रवासी मांडेल्स्लो सुरतेत 'पालेपुंट्झ' ऐकतो, पुढे फ्रेंच प्रवासी बर्निए 'बूलपाँज' लिहितो. दोन्ही 'बाउल ऑफ पंच'चेच अपभ्रंश. म्हणजे परक्यांच्या कानावर हे पेय वाडग्यासकट पडले. पिंपाचा मागमूस नाही.

खरी अडचण निराळी आहे. मांडेल्स्लोच्या कृतीत दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एवढेच. चारच! विरोधक इथे हसतात. त्यांनी कधी मराठी पंगतीत पंचामृत खाल्लेले दिसत नाही. देवापुढचे पंचामृत दूध, दही, तूप, मध, साखर असे मोजून पाच. पानात वाढतात त्यात मात्र मिरच्या, शेंगदाणे, तीळ, खोबरे, चिंच, गूळ. वर फोडणी वेगळीच. तरी नाव पंचामृतच. आपल्याकडे 'पंच' लागला की मिश्रण झाले, हिशेब कोणी मागत नाही. इंग्रजांनी उचलली ती ही सवय, आकडा नव्हे, असे माझे ठाम मत.

आपला मराठी 'पाच' मात्र बाद होतो, कारण त्यात अनुनासिक उच्चार होत नाही. हिंदीचा 'पाँच' किंवा पंचामृतातला 'पंच' हवा. तेव्हाचे इंग्रज 'पुंच'सारखा उच्चार करत, हा कोशकारांचा आक्षेप जड आहे खरा. पण सुरतेला 'सुरॅट' आणि मुंबईला 'बॉम्बे' म्हणणाऱ्या जिभेकडून स्वरांची साक्ष काय काढायची? त्यापेक्षा जहाजाची साक्ष घ्या: १६६२च्या जानेवारीत इंग्रज रोजनिशीकार जॉन एव्हलिनने लंडनजवळ ब्लॅकवॉलला पंच चाखला तो एका जहाजावर, आणि ते जहाज ईस्ट इंडियाच्या व्यापारातले होते.