महिन्याचा वेल, मिनिटाचा सिनेमा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटानं कांदा-लसूण मसाल्याचा व्हिडिओ केला. मिरच्या वाळवायला दोन दिवस, देठं मोडायला एक दुपार, कांदा-खोबरं परतून सगळं डंकावर कुटून आणायला आणखी एक दिवस. आमच्यातल्या एका पोरीनं मोबाईलवर कापून-जोडून त्याची ४० सेकंदं केली. गाण्याच्या ठेक्यावर काय पळत होता! पहिलाच फोन आला, "एवढ्या झटपट होणाऱ्या मसाल्याला एवढा भाव?"

तेव्हा मला दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा आठवला.

१९१२ साली फाळके लंडनहून सिनेमाचं तंत्र बघून आले. कॅमेरा आणला, पण सिनेमाला पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त दिवस थांबून थांबून एकेक चित्र घेतलं. ती सलग चालवली, तर मिनिटभरात कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढला. मधला वेळ गळाला, वाढ मात्र सगळी दिसली. ते बघून कर्ज मिळालं. तेवढ्यानं भागलं नाहीच. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

या सरस्वतीबाई म्हणजे फाळक्यांच्या पत्नी. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, तीही अंधारात, ते काम त्या करत. फिल्म धुवायची रसायनं कालवत. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. शिवाय रोज साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात राणी तारामती झाले होते अण्णा साळुंके. म्हणजे पडद्यावरची बाईसुद्धा पुरुषच. खरी बाई मागं, अंधारात फिल्म हाताळत होती.

कापाकापीचं गणित तेव्हापासून तेच आहे. तुकडे आखूड केले की चित्र पळतं, एखादा लांब ठेवला की बघणाऱ्याची नजर तिथं थांबते. आमच्या पोरीनं सगळेच आखूड केले होते. त्यात एका आक्कांचं चित्र गेलं होतं. देठं मोडून हात भगभगत होते, म्हणून त्या तेल चोळत बसल्या होत्या. "त्यात काही घडतच नाही," पोरगी म्हणाली.

आम्ही ते ८ सेकंद परत घातलं. शिवाय या खेपेला मोबाईल एकाच जागी ठेवून सकाळ, दुपार, संध्याकाळ अंगण टिपलं. सावली सरकते, मिरचीचा ढीग आकसतो. व्हिडिओ सव्वा मिनिटाचा झाला.

आक्कांनी तो तीनदा बघितला. पोरगी अजून म्हणते, लांबला. तिनं स्टेटसला ४० सेकंदांचाच ठेवलाय.