प्रारण पट्ट्यांतील इलेक्ट्रॉन जातात कुठे?

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या अतिवेगवान विद्युतभारित कणांच्या दोन कड्यांना व्हॅन ॲलन प्रारण पट्टे असे म्हणतात. ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेने सोडलेल्या एक्सप्लोरर-१ या उपग्रहावर आयोवा विद्यापीठातील जेम्स व्हॅन ॲलन यांचा गायगर गणक होता. विशिष्ट उंचीवर गेल्यावर हा गणक जणू मुका होई. उपकरण बिघडले नसून कणांचा मारा त्याच्या मोजणीच्या पलीकडचा आहे, हे त्याच वर्षी मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-३ च्या नोंदींवरून स्पष्ट झाले.

आतल्या पट्ट्यात मुख्यत: उच्च ऊर्जेचे प्रोटॉन असून तो बराचसा स्थिर असतो. बाहेरचा पट्टा इलेक्ट्रॉनांचा आहे आणि तो कमालीचा चंचल आहे. दिशादर्शनासाठी वापरले जाणारे जीपीएस उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून याच पट्ट्यातून फिरतात. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरील इन्सॅटसारखे भूस्थिर उपग्रहही त्याच्या बाहेरच्या भागात असतात. हे इलेक्ट्रॉन उपग्रहाचे कवच भेदून आतील विद्युतरोधक भागांत साठतात. साठलेला भार एकाएकी मोकळा झाला की ठिणगी पडते आणि यंत्रणा निकामी होऊ शकते. त्यामुळे पट्टा केव्हा भरेल आणि केव्हा रिकामा होईल, हे जाणणे ही व्यावहारिक गरज ठरते.

सूर्यावरील उद्रेकातून निघालेला प्लाझ्मा पृथ्वीच्या चुंबकावरणावर आदळला की भूचुंबकीय वादळ होते. वादळ आले की पट्ट्यातील कण वाढणार, असा पूर्वी समज होता. जेफ्री रीव्हज आणि सहकाऱ्यांनी १९८९ ते २००० या काळातील २७६ वादळे तपासून २००३ मध्ये वेगळेच चित्र मांडले. सुमारे निम्म्या वादळांत इलेक्ट्रॉन वाढले, जवळजवळ एक-पंचमांश वादळांत ते घटले, तर उरलेल्यांत फारसा फरक पडला नाही. वादळ एकाच वेळी कण घडवते आणि उधळूनही लावते. शिल्लक काय राहते, हे दोहोंच्या ओढाताणीवर अवलंबून असते.

पट्ट्यातील इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेतो, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांत एका सेकंदाहून कमी वेळात हेलकावा घेतो आणि त्याच वेळी दहा-पंधरा मिनिटांत पृथ्वीला प्रदक्षिणाही घालतो. ध्रुवाकडे क्षेत्र प्रबळ होत गेल्याने तो आरशावरून परतावा तसा मागे फिरतो. मात्र त्याची गती क्षेत्ररेषेला जवळजवळ समांतर असेल, तर तो परतण्याआधीच सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील वातावरणात शिरतो आणि कायमचा हरवतो. ज्या अरुंद शंकूतील दिशा अशा घातक ठरतात, तो विषुववृत्ताजवळ अवघ्या काही अंशांचा असतो. इलेक्ट्रॉनाला या शंकूत ढकलण्याचे काम प्लाझ्मा लहरी करतात.

या लहरींचे तीन प्रकार महत्त्वाचे आहेत. पृथ्वीलगतच्या दाट प्लाझ्मात ‘हिस्’ ही लहर असते. ती कित्येक दिवसांत हळूहळू कण गाळते आणि दोन पट्ट्यांमधील मोकळी जागा तिच्यामुळेच टिकते. त्याबाहेर ‘कोरस’ लहरी असतात. ध्वनीत रूपांतर केल्यास त्या पहाटेच्या पक्ष्यांच्या किलबिलाटासारख्या ऐकू येतात. त्या काही इलेक्ट्रॉनांना वेग देतात, तर काहींना वातावरणात लोटतात. तिसरा प्रकार विद्युतचुंबकीय आयन सायक्लोट्रॉन लहरींचा. वादळात पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहात आलेले प्रोटॉन त्यांना जन्म देतात. या लहरी आयनांच्या दिशेने फिरतात, तर इलेक्ट्रॉन उलट दिशेने. परंतु प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारा इलेक्ट्रॉन लहरीला मागे टाकताना तिचे फिरणे त्याला उलटे, म्हणजे स्वत:सारखेच, भासते. मग अनुनाद होऊन त्याची दिशा झपाट्याने बदलते. काही तासांत होणारी गळती अशी घडते. विषुववृत्ताच्या आसपासच घुटमळणाऱ्या कणांना मात्र ही लहर एकटी हात लावू शकत नाही. तेथे इतर लहरींची साथ लागते.

सर्वच कण खाली येतात असे नाही. सौरवाताच्या दाबाने चुंबकावरणाची सीमा आत ढकलली जाते आणि प्रदक्षिणा घालणारे इलेक्ट्रॉन तिच्याबाहेर निसटतात. काही घट तर केवळ भासमान असते: वलयप्रवाहाने क्षेत्र दुबळे झाल्यामुळे कण बाहेर सरकून ऊर्जा गमावतात आणि वादळ शमल्यावर पूर्वपदावर येतात.

खरी गळती कोणती, हे ठरवण्यासाठी दोन्ही टोकांवर पाहणी लागते. नासाच्या व्हॅन ॲलन प्रोब्ज या जुळ्या यानांनी २०१२ ते २०१९ या काळात पट्ट्यातच राहून लहरी आणि कण मोजले. २०१३ व २०१४ च्या प्रारंभी अंटार्क्टिकावर सोडलेल्या ‘बॅरल’ मोहिमेच्या फुग्यांनी, वातावरणात आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे निघणारे क्ष-किरण टिपले. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ केंद्रातील नोंदींवरून नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेनेही आयन सायक्लोट्रॉन लहरींचा अभ्यास केला आहे. या संस्थेची परंपरा कुलाबा वेधशाळेपर्यंत जाते. १८५९ च्या महावादळाची नोंद तेथे झाली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवावे लागले.

मे २०२४ च्या प्रचंड वादळानंतर ‘सर्बी’ या छोट्या उपग्रहाला दोन पट्ट्यांच्या दरम्यान कणांची नवी कडी आढळली. त्यांतील इलेक्ट्रॉनांची कडी सुमारे तीन महिने टिकली आणि नंतरच्या वादळांनी तिला ओहोटी लागली. एका वादळाने भरलेले दुसऱ्याने रिकामे केले. पृथ्वीभोवती उपग्रहांची गर्दी वाढत असताना, पुढचे वादळ यांपैकी कोणते काम करणार याचे भाकीत आधी करता येणे, ही या अभ्यासाची खरी कसोटी आहे.