वर्धा शिक्षण योजनेतील अंकगणित : टकळी, गट आणि गणन

गणिताच्या अध्यापनात विद्यार्थ्यांच्या शारीरिक हालचालींना व गटकार्याला स्थान द्यावे, हा विचार आज कृतियुक्त अध्ययन या नावाने नवा म्हणून मांडला जातो. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाकडे पाहता हे नावीन्य फारसे टिकत नाही. पंतोजींच्या शाळेतही मुले धूळपाटीवर बोटाने अंक गिरवीत आणि पावकी, निमकी, सवायकी, औटकी एका सुरात म्हणत. शरीर व समूह दोन्ही तेथे होते; मात्र साडेतीनाचा पाढा कशासाठी, याचे उत्तर शाळेत नव्हे तर बाजारात मिळे.

दि. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अहवाल सादर केला. साडेपाच तासांच्या दिनक्रमात मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे, तर संगीत, चित्रकला व अंकगणित या तिन्हींस मिळून अवघी ४० मिनिटे देण्यात आली होती. केवळ वेळापत्रक पाहणाऱ्यास ही गणिताची उपेक्षा वाटेल. वस्तुतः उद्योग, घर व समाज यांतून उद्भवणारी उदाहरणे सोडविता यावीत, हेच समितीने गणिताचे उद्दिष्ट मानले होते.

सूतकताईत याला पुरेपूर वाव होता. टकळीवर काढलेले सूत फाळक्यावर गुंडाळताना एका वेढ्याची लांबी ४ फूट, म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी व चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. वेढे मोजताना हात फिरतो व मुखाने संख्या येते. येथवर हे पाढे म्हणण्यासारखेच आहे. खरे गणित त्यापुढे सुरू होते. सुताचा अंक, म्हणजे एका रत्तलात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ती संख्या. गुंडी २ तोळे भरली, तर ४० भागिले २, म्हणून अंक स्थूलमानाने २०. ४ तोळे भरली, तर १०. वजन दुप्पट झाले की अंक निम्मा होतो, हे व्यस्त प्रमाण मुलाच्या स्वतःच्या बोटांतून निघालेले असते. सूत जाड निघाले की उत्तर लहान येई, आणि त्याचा दोष पुस्तकाला देता येत नसे. गटाचे एकूण सूत, प्रत्येकाची सरासरी, दिलेल्या कापसाशी ताडून काढलेली शेकडा घट ही उदाहरणेही अशीच. गट येथे शोभेचा नव्हता. सरासरीला गट लागतोच.

तथापि या योजनेची दुसरी बाजू दुर्लक्षिता येणार नाही. मुलांनी तयार केलेला माल कारागिरांशी स्पर्धा करील, असा आक्षेप प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच घेतला होता. आर्थिक अंगाच्या भरात शैक्षणिक हेतू मागे पडेल, हा धोका खुद्द समितीनेही नोंदविला होता. शिवाय टकळीला मूळ संख्यांची गरज भासत नाही, भूमितीतील सिद्धतेचीही नाही. असे घटक ओढूनताणून उद्योगाशी जोडले की समवाय नावापुरता उरतो. समवायावरील टीकेचा रोख पुढे प्रामुख्याने याच कृत्रिमतेवर राहिला, आणि तो अनाठायी नव्हता. मात्र त्या टीकेत सुताच्या अंकासारखी अस्सल उदाहरणेही सरसकट मोडीत निघाली.

१९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. तोळा-रत्तल व्यवहारातून जाऊ लागले, आणि ४० ला वजनाने भागण्याची सोयही त्यांच्यासोबत गेली. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमात मात्र तो स्वतंत्र विषय म्हणून आला. हाताचे काम एका तासिकेत गेले व त्रैराशिक दुसऱ्या तासिकेत.