रजिस्टरांचे वाटप आणि असेंब्लीचा पडदा

सी भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करताना कंपायलरची खरी कसोटी लागते ती रजिस्टरांच्या वाटपात. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातील अतिशय वेगवान, पण मोजक्याच जागा. एक्स८६ कुळातील ३२ बिटी प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण वापराची रजिस्टरे अवघी ८, त्यातले एक स्टॅकसाठी अडकलेले. ६४ बिटी रचनेत ती १६ झाली. आज्ञावलीतील चलराशी मात्र शेकडो असू शकतात. आयबीएममधील ग्रेगरी चायटिन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा प्रश्न आलेख रंगवण्याच्या स्वरूपात मांडला. ज्या दोन राशी एकाच वेळी जपाव्या लागतात त्यांना एकच रंग, म्हणजे एकच रजिस्टर, देता येत नाही. रंग पुरले नाहीत की काही राशींची रवानगी मेमरीत होते.

सीच्या मजकुरात मध्येच असेंब्लीच्या आज्ञा लिहिल्या, की या हिशेबात एक आंधळी जागा तयार होते. जीसीसी हा कंपायलर त्या आज्ञांचा अर्थ लावतच नाही. रिकाम्या जागी रजिस्टरांची नावे भरून तो मजकूर जसाच्या तसा असेंब्लरकडे सोपवतो. आत काय घडते हे आज्ञावलीकारानेच जाहीर करायचे असते: कोणत्या राशी आत जातात, कोणत्या बाहेर येतात आणि कोणती रजिस्टरे वाटेत बिघडतात. या जाहीरनाम्यावर कंपायलर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

प्रोसेसरची ओळख सांगणारी सीपीयूआयडी ही आज्ञा घ्या. ती ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स या चारही रजिस्टरांत उत्तर लिहिते. आपल्याला ईएएक्सपुरतेच काम आहे म्हणून उरलेल्यांची नोंद गाळली, तर कंपायलर कुरकुर करत नाही. त्याने ईबीएक्समध्ये एखाद्या लूपचा मोजक ठेवला असेल तर तो पुसला जातो. शिवाय ईबीएक्समधील जुनी किंमत परत करण्याची जबाबदारी संकेतानुसार बोलावलेल्या फंक्शनवर असते. नोंदच नसल्याने कंपायलर ती जपून ठेवत नाही आणि बिघाड बोलावणाऱ्या, भलत्याच फंक्शनमध्ये उमटतो. ऑप्टिमायझेशनची पातळी बदलेपर्यंत सारे सुरळीत चालल्याचा भासही होऊ शकतो.

याहून फसवा प्रकार क्रमाचा. आत जाणाऱ्या सर्व राशी वाचून झाल्यावरच निकाल लिहिला जातो, असे जीसीसी गृहीत धरतो. म्हणून दोन्हींना तो एकच रजिस्टर देऊ शकतो. असेंब्लीत अनेक आज्ञा असतील आणि पहिलीनेच निकाल लिहिला, तर पुढची आज्ञा मूळ राशीऐवजी निकालच वाचते. अशा वेळी निकालाच्या नोंदीत अँपरसँडचे चिन्ह घालून ही रजिस्टरे वेगळी ठेवायला सांगावे लागते.

पूर्वी ३२ बिटी सामायिक लायब्ररींसाठी जीसीसी ईबीएक्स हे रजिस्टर स्वतःसाठी राखून ठेवत असे. तेथे असेंब्लीने ते मागितले की तो संकलनच नाकारी. गैरसोयीचा, पण निदान प्रामाणिक नकार! २०१५ च्या जीसीसी ५ पासून ही अट सैल झाली.

मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ३२ बिटी असेंब्ली स्वतः वाचतो, पण एक्स६४ साठी त्याने ही सोयच ठेवलेली नाही. तिथे अंगभूत फंक्शने वापरावी लागतात. सीपीयूआयडीसाठी तसे तयार फंक्शन जीसीसीबरोबरही मिळते.