चोबेतलं बेट कोणाचं?

झिंबाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सहून चोबेची एक दिवसाची सफारी होते. सकाळी काझुंगुलाला पासपोर्टवर शिक्का, मग बोत्स्वानातल्या कासानेहून बोट आणि दुपारी उघडी जीप. मीही तीच केली. बोट ज्या सेदुदू बेटाला वळसा घालते, तिथे हत्ती निवांत चरत असतात. बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं, त्यातही वर्षातले काही महिने पाण्याखाली. पण मंडळी, याच्यावरून दोन देश थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते!

भानगड जुनी आहे. दक्षिणेला ब्रिटिशांचा मुलूख (आजचा बोत्स्वाना), उत्तरेला जर्मनांचा (आजचा नामिबिया). १८९० साली दोघांनी बर्लिनमध्ये करार केला: सीमा नदीच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून. पण इथे नदी बेटाच्या दोन्ही बाजूंनी वाहते. मग मुख्य प्रवाह कुठला? बोत्स्वाना म्हणे उत्तरेचा, नामिबिया म्हणे दक्षिणेचा. १९९६ साली दोघे मिळून कोर्टात गेले. १३ डिसेंबर १९९९ ला निकाल लागला: खोली, रुंदी वगैरे पाहता उत्तरेचाच. बेट बोत्स्वानाचं.

आता खरी गंमत. नामिबियाच्या बाजूचे मासुबिया लोक वर्षानुवर्षं हंगामात बेटावर शेती करायचे. कोर्टाने ते मान्य केलं, पण त्याने देशाचा हक्क सिद्ध होत नाही म्हणाले. कायद्याने बरोबर असेलही, मला मात्र हे खटकतं. त्याच निकालाने दोन्ही देशांच्या बोटींना दोन्ही प्रवाहांत समान वागणूक दिली. म्हणूनच आपली बोट बेटाभोवती बिनधास्त फिरते. कधी गेलात तर हत्तींबरोबर ती शेतंही आठवा, एवढंच.