इतिहासशिक्षण व मैदानी खेळ

प्राथमिक शाळेतील इतिहासाचा पाठ्यांश शारीरिक शिक्षणाच्या तासाला धावणे, हुलकावणी देणे, अडविणे, निरोप पोहोचविणे अशा क्रियांच्या सांघिक खेळांद्वारे शिकविण्याची पद्धती. नाट्यीकरणाहून ही पद्धती भिन्न आहे. नाट्यीकरणात संवाद व शेवट आधीच ठरलेले असतात. खेळात केवळ नियम ठरलेले असतात आणि शेवट खेळणाऱ्यांच्या कृतीवर अवलंबून असतो. त्यामुळे घटनेचे नाव व सन यांबरोबरच अंतर, चढण, वेळ, मनुष्यबळ, अन्नपाणी या तिच्यातील अडचणीही मुलाच्या अनुभवास येतात. सातारा व सांगली हे पूर्वी एकाच सातारा जिल्ह्याचे भाग होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. डोंगरी किल्ले, संस्थानी काळातील शारीरिक शिक्षणाची परंपरा आणि स्वातंत्र्यलढ्याची स्मृती या तिन्ही गोष्टी या प्रदेशात जवळजवळ आढळतात. म्हणून या पद्धतीच्या विचारास तो विशेष सोयीचा आहे.

खेळ हे शिक्षणाचे साधन होय, हा विचार यूरोपात फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने बालोद्यानाच्या रूपाने रुजविला. इंग्लंडमध्ये कॉल्डवेल कुक याने १९१७ च्या आपल्या ग्रंथात क्रीडनपद्धतीचा पुरस्कार केला. मात्र त्याचा भर मुख्यतः भाषा व नाट्य यांवर होता. भारतात १९३७ च्या वर्धा शिक्षणयोजनेने समवायाचे तत्त्व पुढे आणले. एका क्रियेभोवती अनेक विषयांचे ज्ञान गुंफावे, असे हे तत्त्व आहे. त्या योजनेत केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. तथापि हेच तत्त्व मैदानावरील क्रियेसही लागू करता येते.

सातारा परिसरात शाळा व शरीरसंवर्धन यांची सांगड औंध संस्थानात लवकर घातली गेली. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या शाळांतून सूर्यनमस्कारांचा नियमित अभ्यास सुरू केला. आज सांगली जिल्ह्यात असलेली कुंडल व आटपाडी ही गावे त्या वेळी याच संस्थानात होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९३५ मध्ये साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले. त्यामुळे खेड्यांतील शाळांना त्याच परिसरातील शिक्षक मिळू लागले. मुंबईजवळ कांदिवली येथे १९३८ मध्ये शारीरिक शिक्षणाची शासकीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पुढे १९७० पासून महाराष्ट्रातील चौथीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात शिवचरित्र हाच विषय राहिला. त्यामुळे किल्ला, वेढा, हेर, रसद हे शब्द मुलांच्या नित्य परिचयाचे झाले. परंतु वेढा म्हणजे नेमके काय, हे वाचनाने उमगतेच असे नाही.

या कामी देशी खेळांची रचना उपयोगी पडते. आट्यापाट्यांच्या मैदानात आडव्या पाट्या आखलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर एक खेळाडू उभा राहून दुसऱ्या संघास अडवितो. आत शिरलेल्याने सर्व पाट्या ओलांडून परत यावयाचे असते. ही रचना वेढ्याशी बरीच जुळते. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यास वेढा घातला. प्रयागजी प्रभू या किल्लेदाराने तो सुमारे साडेचार महिने लढविला आणि एप्रिल १७०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्यांनी त्यास आझमतारा असे नाव दिले. हा प्रसंग खेळविताना पाटीवरील खेळाडूंना चौक्या मानावे, पलीकडील रेघेस गड मानावे व शिरणाऱ्या मुलाच्या हाती धान्याची छोटी पिशवी द्यावी. ठराविक वेळात किती पिशव्या पोहोचल्या, ते मोजावे. दुसऱ्या डावात पाट्या वाढवाव्यात. पिशव्या कमी पोहोचू लागल्या, की शौर्य कायम असूनही किल्ला का द्यावा लागतो, हे मुलांना सांगावे लागत नाही.

दुसरा प्रकार निरोपाच्या धावेचा. शिवकालीन हेर बहिर्जी नाईक यांची समाधी सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर असल्याची परंपरा आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–७६) यांच्या नेतृत्वाखाली याच भागात प्रतिसरकार चालले. त्यातील भूमिगत कार्यकर्ते गावोगावच्या लोकांकडून मिळणारा आसरा, भाकरी व निरोप यांवर तगून राहिले. या खेळात धावपटूंची साखळी करून पहिल्या मुलास तोंडी निरोप द्यावा व वाटेत अडविणारे ठेवावेत. शेवटच्या मुलाने सांगितलेला निरोप मूळ निरोपाशी ताडून पाहिला असता त्यात बहुधा फरक आढळतो. परंपरेने आलेली माहिती व लेखी पुरावा यांतील भेद समजावून देण्यास यापेक्षा सोपे साधन नाही.

या पद्धतीत एक गंभीर धोकाही आहे. प्रतापगडाचा प्रसंग (१० नोव्हेंबर १६५९) खेळविताना वर्गातील काही मुलांना ‘शत्रू’ ठरविले जाते. ही निवड मुलाच्या धर्मावरून किंवा जातीवरून झाली, तर खेळ संपला तरी ते नाव त्याला चिकटून राहते. सप्टेंबर २००९ मध्ये मिरज येथे गणेशोत्सवातील कमानीवरील अफझलखानवधाच्या चित्रावरून दंगल उसळली होती. त्यावरून या स्मृती किती ज्वलनशील आहेत, हे दिसून येते. अशी वाटणी इतिहासदृष्ट्याही चुकीची ठरते. त्या संघर्षात कान्होजी जेधे शिवाजी महाराजांकडे राहिले, तर खंडोजी खोपडे खानास मिळाले. महाराजांबरोबरच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम याचे नाव येते. ही लढाई दोन धर्मांच्या जमावांतील नसून दोन सत्तांमधील होती आणि मावळातील प्रत्येक देशमुखास आपली बाजू निवडावी लागली. म्हणून खेळात पक्ष चिठ्ठ्या टाकून ठरवावेत, डाव संपताच ते उलटवावेत आणि द्वंद्वाचे अनुकरण टाळून जावळीच्या दाट अरण्याचा व अरुंद वाटांचा मोठ्या फौजेवर होणारा परिणाम खेळाचा विषय करावा.

खेळाचा शेवट मोकळा असतो, घडलेल्या घटनेचा नसतो. मैदानात किल्ला टिकला, तरी १७०० मध्ये तो पडला होता. हा फरक शिक्षकाने स्पष्ट केला नाही, तर मूल खेळातील निकालच इतिहास समजून बसते. यासाठी तासाची अखेरची दहा मिनिटे चर्चेसाठी राखणे आवश्यक असते: खेळात काय घडले, प्रत्यक्षात काय घडले आणि फरक कशामुळे पडला, असे तीन प्रश्न त्यास पुरतात. वेगाने धावू न शकणाऱ्या मुलांना टेहळणी, मोजणी, निरोप लिहून घेणे अशी कामे द्यावीत. प्रत्यक्ष गडावरही ही कामे लढण्याइतकीच महत्त्वाची होती. सालांचा क्रम, राज्यव्यवस्था, करपद्धती यांसारखे विषय मात्र या पद्धतीने फारसे साधत नाहीत; त्यांसाठी नकाशा, कालरेषा व वाचन यांचाच आधार घ्यावा लागतो.